टीव्हीवर लीक चिरला तो शनिवार

इंग्लंडच्या उत्तरेत, आमच्या हेझलीबर्नमध्ये लीक म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघतील. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो. कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ समजा. शहरात भाजीवाल्याकडे मिळतो तो मनगटाएवढा. आमच्याकडे वाढवतात तो मांडीएवढा, आणि मांडी माझी नव्हे, खाणकामगारांच्या क्लबच्या सेक्रेटरीची. राल्फ हेसलॉपच्या लीकच्या पानांत एका वर्षी त्याची मांजर व्याली, आणि पिल्लं डोळे उघडून स्वतःच्या पायांनी खाली उतरेपर्यंत राल्फला पत्ता नव्हता. पटत नसेल तर राल्फला विचारा. तो आता चर्चच्या मागे मातीखाली आहे, पण माणूस शब्दाचा पक्का, फिरवायचा नाही.

दिवसभर खाणीच्या अंधारात कोळसा फोडणाऱ्या माणसाला वर आल्यावर उजेडात काहीतरी वाढवावंसं वाटतं. काही जण कबुतरं पाळायचे. बाकी सगळे लीक लावायचे. सप्टेंबरातल्या एका शनिवारी क्लबमध्ये प्रदर्शन भरायचं, आणि ज्याची जोडी सर्वांत दांडगी त्याला कप मिळायचा. जोडीच लागते. एकटा लीक कितीही मोठा असो, त्याला कुणी विचारत नाही. शेजारी त्याच्याच मापाचा, त्याच्याच रंगाचा दुसरा हवा. आधी पंधरवडाभर अर्धं गाव बायकोशेजारी झोपायचं नाही, वाफ्याशेजारच्या खोपटात झोपायचं. कारण लीकची चोरी व्हायची. कुणी अंधारात येऊन सुरी फिरवून जायचा. आमच्याकडे माणसाचा खून झाला तर लोक हळहळायचे. लीकचा झाला तर बोलणं टाकायचे.

मॅटी ब्लेंकिन्सॉपने हा कप इतक्या वेळा नेला होता की त्याच्या घरी कपाटावर त्याचा गोल डाग पडला होता. कप घेताना तो दरवर्षी एकच भाषण करायचा. टोपी काढायचा, खाली बघायचा, मग सांगायचा की हे यश त्याचं नाही, त्याच्या बापाचं. बापाने शेवटचा श्वास घेताना खताचं गुपित त्याच्या कानात सांगितलं, आणि ते गुपित तो आपल्याबरोबरच नेणार. ऐकून आमचे डोळे भरून यायचे. पोटात बिअरही असायची म्हणा. भाषणात तो बापाचे आभार मानायचा, पावसाचे मानायचा, खाणीतल्या घोड्यांचे मानायचा, एका वर्षी तर त्याने गोगलगायींचेही मानले, कारण त्या राल्फकडे गेल्या होत्या. विनीचं नाव मात्र कधी आलं नाही. विनी म्हणजे त्याची बायको. चणीने लहान, आणि बोलणं इतकं कमी की शेजारणी तिला घड्याळ म्हणायच्या: तासातून एकदा वाजते आणि बरोबर वाजते.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी क्लबने रंगीत टीव्ही घेतला होता. आमच्या भागाची वाहिनी न्यूकॅसलहून चालायची. लंडनवाल्यांना आमचं बोलणं कळत नाही आणि आम्हाला त्यांचं कळून घ्यायचं नसतं, म्हणून ही आमची आम्हाला. नेमका त्याच शनिवारी वाहिनीचा वाढदिवस होता आणि त्यांनी जाहीर केलं होतं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावर सगळी माणसं इथलीच दिसतील. मेंढपाळ इथला, पहिलवान इथला, स्वयंपाक इथला. आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात हेझलीबर्नचे लीक. सोमवारी त्यांची माणसं येऊन मॅटीला वाफ्यात उभा करून गेली होती. मॅटीने लग्नातला कोट घातला होता. त्याने बापाची गोष्ट सांगितली, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणे रडला. हे मॅटीचं म्हणणं. मी तिथेच होतो, त्या माणसाला लीकचा वास सोसत नव्हता.

गुरुवारी मॅटीची जोडी फुटली.

तो आंघोळीला घरी आला होता. परत जाऊन पाहतो तर एका लीकच्या जागी व्यवस्थित गोल खड्डा. मुळं तुटलेली नाहीत, माती विस्कटलेली नाही. चोराने बाळंतपण करावं तसा लीक काढून नेला होता. मॅटी तसाच ओल्या केसांनी क्लबमध्ये आला आणि सगळ्यांसमोर राल्फ हेसलॉपची कॉलर धरली. राल्फ दरवर्षी दुसरा यायचा. त्याला कारण होतं, त्याच्याकडे कुदळ होती, आणि गुरुवारी तासभर तो कुठे होता हे त्याला सांगता येईना. तो होता चर्चच्या बागेत, पाद्रीबुवांचं शेणखत उचलत, पण हे सांगायचं तर आणखीच पंचाईत. कमिटी तिथल्या तिथे बसली. पर्सी ऑर्ड सेक्रेटरी. त्याने नियमांचं पान चष्मा न लावताच वाचलं, कारण ते त्याला पाठ होतं, आणि राल्फला क्लबातून काढलं.  खाणीत बावीस वर्षं राल्फ आणि मॅटी एकाच थरावर गुडघे टेकून काम करत होते. एकदा छत बसलं तेव्हा राल्फने मॅटीला पायाला धरून ओढून काढलं होतं. राल्फने मॅटीकडे एकदा पाहिलं आणि आपली टोपी उचलून तो गेला.

तर शनिवार उजाडला. लीक धुऊन, पुसून, दाढी विंचरून मागच्या हॉलमध्ये टेबलांवर मांडले. दाढी म्हणजे मुळं; ती ओल्या ब्रशने विंचरतात. परगावचा परीक्षक माप घेऊन आत गेला आणि दार लागलं. निकाल संध्याकाळी सहाला. मॅटीने उरलेल्या लीकशेजारी आपल्याच वाफ्यातला दुसरा ठेवला होता; थोरल्याशेजारी धाकटा दिसत होता, पण राल्फ बाहेर असताना बाकीच्यांचे लीक त्या धाकट्याचेही पुतणे शोभले असते. आम्ही पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो. राल्फला उंबरा ओलांडायची बंदी होती, म्हणून तो बाहेर खिडकीशी उभा राहिला. स्वतःची जोडी त्याने हातगाडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. का आणली ते त्यालाच ठाऊक. पर्सीने खिडकीचा पडदा ओढायला सांगितलं. कुणी उठलं नाही.

टीव्हीचा रंग अजून कुणाला नीट लावता येत नव्हता. निवेदक बीटासारखा जांभळा दिसत होता. त्याने आधी एका आजींना नव्वदीच्या शुभेच्छा दिल्या. मग डोंगरातल्या मेंढ्या आल्या, हिरव्यागार. मग लहान मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ, त्यात एक लाकडी खाणकामगार आणि त्याचं घोडं. त्या बाहुलीच्या हातातला दिवा चुकीच्या बाजूला आहे यावर आमच्याकडे चांगला अर्धा तास भांडण झालं. मॅटी मधोमध बसला होता, अंगात तोच लग्नातला कोट, पहिल्यांदाच दाढी दोनदा केलेली, आणि प्रत्येक कार्यक्रम संपला की म्हणायचा, आता आपला. मी सांगत होतो की बाबा, तुझा संध्याकाळी आहे. तो म्हणे, वाहिनीवाल्यांचा काय नेम.

विनी घरी नव्हती. ती सकाळच्या पहिल्या बसने गेट्सहेडला बहिणीकडे जाते म्हणून गेली होती. तिच्या कडेवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं हे मी स्वतः पाहिलं होतं. मला वाटलं केक. नंतर कंडक्टरकडून कळलं की त्याने ते लेकरू समजून त्याचं तिकीट फाडलं नव्हतं, आणि शेजारच्या म्हातारीने शाल थोडी बाजूला करून आत बघितलं आणि म्हणाली, अगदी बापावर गेलंय.

बारा वाजता स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. एरवी त्या वेळेला आम्ही टीव्हीकडे पाठ करून पत्ते खेळायचो. कार्यक्रमाची बाई मोत्यांची माळ घालून पीठ मळायची. त्या दिवशी ती म्हणाली की आज आपल्याकडे एक पाहुण्या आल्या आहेत, कोळशाच्या गावाहून, सोमवारी आपल्याच माणसांनी बोलावलेल्या, आणि त्या आपल्याला लीक आणि बटाट्याचं सूप करून दाखवणार आहेत. आणि बाजूने विनी आली. चर्चला घालायची टोपी, वर एप्रन. चेहरा जांभळा, पण विनीच.

खोलीत आधी सगळे खूश झाले. कुणीतरी मॅटीच्या पाठीवर थाप मारली, लेका, घरचे दोघंही टीव्हीवर. मॅटीलाही क्षणभर हसू आलं. मग विनीने टेबलाखालून शाल काढली आणि शालीतून तो बाहेर काढला.

आपलं पोर माणूस गर्दीत पाठमोरं ओळखतो. मॅटीने हातातला ग्लास खाली ठेवला, पण टेबलावर नाही, हवेत ठेवला. तो फुटला. कुणी वाकून पाहिलं नाही. आम्ही सगळे त्या लीककडे बघत होतो. विंचरलेली पांढरी दाढी, पानांना निळसर झाक, आणि कमरेशी जून महिन्यात गोगलगायीने घेतलेला छोटासा चावा. बाजारात असा लीक नसतो. इंग्लंडात असा अजून एकच होता, आणि तो मागच्या हॉलमध्ये जोडीदाराविना पडून होता.

मोत्यांच्या बाईला वाटलं हे खेळणं आहे. तिने हात लावून पाहिला. हा तुमच्या यजमानांनी दिला का, असं तिने विचारलं.

"नाही," विनी म्हणाली. "मागितला असता तर दिला नसता. म्हणून मागितला नाही."

आणि तिने सुरी घातली.

मी खाणीत दोनदा छत बसलेलं ऐकलंय. तो आवाज एवढा वाईट नव्हता. चराचरा आवाज करत तिने तो लीक गोल गोल कापला. खोलीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.  मॅटीचा एक हात हळूहळू वर आला, टीव्ही थांबवायला निघाल्यासारखा, आणि तिथेच अर्ध्यात थांबला.

पाणी उकळेपर्यंत बाई बोलायला लागली. एवढा मोठा लीक कसा वाढतो, काही गुपित असतं का. विनी म्हणाली, असतं की. आणि जे मॅटी आपल्याबरोबर नेणार होता ते तिने बटाटे सोलता सोलता सांगून टाकलं. मेंढीची लेंडी, धुराड्यातली काजळी, शिळी बिअर आणि रविवारी हॅम शिजवलेलं पाणी. सगळं तिच्या कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात कोमट करायचं, कोमटच, गरम नाही. हंडा तिचा, हॅम तिचा, प्रमाण तिचं. पहिली तीन वर्षं चुकलं, मग जमलं. बाईने विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? विनी म्हणाली, कुणी नाही. घरात म्हणतात सासऱ्यांनी मरताना सांगितलं. सासरे गेले तेव्हा उशाशी मीच होते, त्यांचा मुलगा कुत्र्यांच्या शर्यतीला गेला होता. म्हाताऱ्याने पाइप मागितला, मी पेटवून दिला, दोन झुरके घेतले आणि गेला. लीकबद्दल एक शब्द नाही.

हे ती रागाने बोलत असती तर बरं झालं असतं. ती बोलत होती जशी बाजारात कुणाला पत्ता सांगावा तशी.

मग बाईने दोन वाट्या भरल्या आणि विचारलं, आता हा राजा चवीला कसा आहे ते तुम्हीच सांगा. विनी म्हणाली की तिलाही माहीत नाही, तिने कधी खाल्ला नाही. बाई हसली. विनी हसली नाही. तिने सांगितलं की जिंकलेले लीक बियाण्याला ठेवतात, बाकीचे रविवारी क्लबात मोठ्या पातेल्यात जातात, आणि ती पंगत फक्त सभासदांची. सभासद फक्त पुरुष. तीस वर्षं त्याची माती माझ्या फरशीवर पडतेय, ती म्हणाली, घास कधी पडला नाही. मग तिने चमचा तोंडात घातला. आम्ही तीसेक पुरुष श्वास रोखून विनीच्या जबड्याकडे बघत होतो.

"पाणी आहे," ती म्हणाली. "नुसतं पाणी. मीठ घालूनही चव येणार नाही. मोठं केलं की तसंच होत असावं."

खिडकीबाहेरून आवाज आला. राल्फ हसत होता असं आम्हाला वाटलं. पाहिलं तर तो रडत होता, निदान डोळे पुसत होता. दोन दिवसांनी पहिल्यांदा तो चोर नव्हता.

पर्सी ऑर्डला तेवढं कळलं. त्याने कमिटी तिथेच उभ्या उभ्या बोलावली आणि खिडकीतून राल्फला सांगितलं की झालं ते झालं, सोमवारपासून तू क्लबात येऊ शकतोस. राल्फने विचारलं, आणि माझे लीक? पर्सी म्हणाला, टेबलं सकाळी बंद झाली, नियम नियम असतो. तेव्हा राल्फने मॅटीकडे बघून एकच वाक्य टाकलं. "मॅटी, तुला पायाला धरून ओढला तेव्हा मी नियम बघितला नव्हता." मॅटीने मान वळवली नाही. तो टीव्हीकडेच बघत होता. तिथे आता घोड्यांच्या शर्यती लागल्या होत्या आणि विनी गेली होती.

तिथेच संपलं असतं तर गोष्ट नव्हती. पण वाहिनीवाल्यांना कळलं की आज आपल्या हाती काय लागलंय. पहिली शर्यत संपली आणि जांभळा निवेदक आला, गालातल्या गालात हसत. ज्यांनी बारा वाजताचा कार्यक्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी, असं म्हणून त्याने विनीचा चमचा परत दाखवला. पाणी आहे, नुसतं पाणी. दुसरी शर्यत, परत विनी. मग कुस्ती लागली. गेट्सहेडचा एक ढेरपोट्या कुणाला तरी दोरखंडावर आपटत होता, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये, विनी. पहिलवानालाही विचारलं की तो लीक खातो का. मग फुटबॉलचे निकाल. ते वाचणाऱ्याचा आवाज संघाच्या नावावर चढला की जिंकला आणि पडला की हरला, हे आमच्याकडे आंधळ्यालाही कळतं. त्या दिवशी त्याने सगळे निकाल वाचले आणि शेवटी, ब्लेंकिन्सॉप बाई एक, ब्लेंकिन्सॉप बुवा, आणि आवाज पाडला, शून्य. क्लबमध्ये हसू फुटलं. मॅटीच्या शेजारी बसलेला त्याचा चुलतभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसला. खोटं का बोला, माझंही पोट दुखलं.

मॅटीला मी म्हटलं, चल, घरी सोडतो. तो म्हणाला, संध्याकाळी माझा आहे. त्याच्या बोलण्यात अजून आशा होती, याचं मला आजही नवल वाटतं. त्याला वाटत होतं की त्यांनी त्याला शब्द दिलाय. लग्नातला कोट घालून त्याने सोमवारी सांगितलेलं जसंच्या तसं लोकांपुढे येईल, आणि मग लोकच ठरवतील.

संध्याकाळच्या बातम्यांनंतर तो आला. वाफ्यात उभा, टोपी हातात, मागे जोडी अजून शाबूत. सोमवारी त्याचं बोलणं खरंच चांगलं झालं होतं. बापाचे हात कसे होते ते त्याने सांगितलं, बापाने त्याला पहिली कुदळ दिली ते सांगितलं. पडद्यावर मात्र तो एवढंच म्हणाला, मरताना बापाने माझ्या कानात सांगितलं. आणि तिथेच त्यांनी कापलं. लगेच विनी, बटाटा सोलताना. म्हाताऱ्याने पाइप मागितला. मग परत मॅटी: ते गुपित मी माझ्याबरोबर नेणार. मग विनी: कोमटच, गरम नाही. असं चार वेळा, इकडून तिकडे. बापाचे हात नाहीत, कुदळ नाही. आमच्यापुढे आलं ते एवढंच, आणि मॅटीने मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं की कॅमेऱ्यामागच्या त्या माणसाने मॅटी बोलत असताना पाठ फिरवून नाक पुसलं होतं. शेवटी निवेदकाने वाहिनीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, आणि हेझलीबर्नला सांगितलं, मीठ सांभाळा.

न्यूकॅसलपासून सगळ्या उत्तरेत घराघरांत लोक त्या वेळी हसत होते. क्लबमध्ये मात्र कुणी हसलं नाही. आधी हसून झालं होतं, आणि आता मॅटीचा चेहरा समोर होता.

सहा वाजता दार उघडलं. परीक्षक आत दिवसभर टेबलांसोबत होता, त्याला जगात काय झालं याचा गंध नव्हता. त्याने वाचून दाखवलं: पहिला, ब्लेंकिन्सॉप. जोडी किंचित असमान, पण तोडीला कुणी नाही. मॅटी उठून कोपऱ्यातल्या छोट्या मंचावर गेला. त्याने कप घेतला. पर्सीने त्याच्या हातात माइक दिला, कारण भाषणाची पद्धत होती.

नेमकी तेव्हा गेट्सहेडची बस थांबली. खिडकीतून आम्हाला दिसलं, विनी उतरली, हातात झाकलेली कासंडी. ती क्लबच्या दारापर्यंत आली आणि थांबली. बाईला आत यायचं तर सभासदाने दारातल्या वहीत सही करून तिला आणायचं असतं. सही करणारा तिचा नवरा, आणि तो मंचावर. तीस वर्षांत इतर कुणी तिच्यासाठी सही केली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. आम्ही सगळे वहीकडे बघत बसलो, आणि मी सांगतो, त्या दिवशी त्या खोलीतल्या प्रत्येक पुरुषाच्या बोटाला लकवा झाला होता. ती मग बाहेरच, खिडकीलगतच्या बुटक्या भिंतीवर जाऊन राल्फशेजारी बसली. तिने कासंडीचं झाकण काढून त्याला सूप दिलं. राल्फने घेतलं. चव कशी आहे हे त्याने तिला विचारलं नाही.

मंचावर मॅटी माइक धरून उभा होता. आम्हाला वाटलं, आता तो तिचं नाव घेईल. निदान राल्फचं. तीस वर्षांत त्याला इतक्या शांततेत कुणी ऐकलं नसेल.  मग त्याने माइक पर्सीच्या हातात परत दिला, कप काखेत मारला आणि गर्दीतून सरळ दाराकडे चालत गेला. आम्ही वाट दिली.

उंबऱ्याच्या आत तो थांबला. बाहेर भिंतीवर ती. दोघांमध्ये चार पावलं.

मला वाटलं तो ओरडेल. तो एवढ्या हळू बोलला की मला पुढे सरकावं लागलं.

"चोरलास ते एक वेळ ठीक होतं, विनी. माझ्या बापाबद्दल बोललीस, तेही मी गिळेन. पण चव कशाला सांगितलीस?"

विनीने कासंडी खाली ठेवली. तिने खरंच विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"त्या बाईने विचारली," ती म्हणाली. "मला आजपर्यंत कुणी विचारली नव्हती."

 मॅटीने राल्फकडे बघितलं, पहिल्यांदाच त्या दिवसात. राल्फ सूप पीत होता आणि दुसरीकडे बघत होता. मॅटीने काखेतला कप काढला आणि आतच दाराशेजारच्या वहीवर ठेवला, पानं उडू नयेत म्हणून वजन ठेवावं तसा. तो बाहेर गेला. भिंतीपाशी थांबेल असं आम्हाला वाटलं. तो त्या दोघांच्या समोरून गेला, हातगाडीला वळसा घातला, आणि रस्ता ओलांडून आपल्या वाफ्याकडे निघाला. पाठीमागून तो लग्नातला कोट त्याला किती मोठा झालाय ते दिसत होतं.

अंधार व्हायच्या आत त्याने सगळा वाफा खणून काढला. उरलेले लहान लीक, बियाण्याला ठेवलेले, सगळे मुळांसकट बाहेर. आम्ही कुंपणापाशी उभे होतो, कुणी आत गेलं नाही. शेवटचा बाहेर आला तेव्हा तो कुदळीवर टेकून बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग त्याने खिशातून चाकू काढला, त्या लीकचा एक पातळ काप कापला आणि तोंडात टाकला.

तो चावत राहिला. गिळायला त्याने फार वेळ घेतला.